तलावपाळीपासून ऐरोलीच्या खाडीपर्यंत, पाण्याच्या कडेकडेने

या भटकंतीची आखणी शेवटाकडून करावी लागते. ऐरोलीची बोट भरतीवर चालते, नेरुळचे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो पक्षी, भरतीवर उडतात, ठाण्याची तळी मात्र केव्हाही गेलं तरी जागेवर असतात. म्हणून आधी खाडीचे दोन दिवस पक्के केले आणि त्यांच्या आधीचे दोन तळ्यांना दिले. नुसता शनिवार-रविवार धरून खाडीवर गेलं, तर निम्म्या वेळा समोर चिखल आणि लांबवर गुलाबी ठिपके एवढंच पदरात पडतं.

भरती काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब अजून चालतो. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. दुसरी भरती त्यानंतर साडेबारा तासांच्या आत-बाहेर, आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा पाऊण तासाने पुढे. हा झाला घरबसल्या अंदाज. बोटीचं तिकीट काढायचं असेल तर भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. मुंबईचं कोष्टक सहसा अपोलो बंदरचं असतं आणि पाणी खाडीत आत, ठाण्याच्या बाजूला चढायला आणखी थोडा वेळ घेतं, हेही धरून चाला.

आम्ही माघातली शुद्ध एकादशी ते चतुर्दशी हे दिवस निवडले. भरती सव्वाआठपासून साडेदहापर्यंत सरकत जाणारी, म्हणजे ऊन तापायच्या आत पाणी वर. शिवाय पौर्णिमा जवळ, म्हणजे भांगाचं (अष्टमीच्या आसपासचं, कमी चढणारं) पाणी संपून उधाणाकडे निघालेलं. उधाण कशाला हवं, ते तिसऱ्या दिवसाच्या वर्णनात येईलच. बरोबर नाशिकहून आलेले मावशी आणि काका होते, दोघंही साठीच्या पुढचे, त्यामुळे चाल सगळी सपाटीची आणि एका वेळी दीड-दोन तासांची ठेवली. हवा माघातली ठरलेली: सकाळी अंगावर शाल चालेल इतका गारवा, दहानंतर टोपीशिवाय नको.

पहिला दिवस, एकादशी: मासुंदा, कौपिनेश्वर आणि तुरुंगाची भिंत

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला उतरून सॅटिस या बसच्या पुलाखालून बाहेर पडलं की जांभळी नाक्यामार्गे तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलावाचा काठ, दहा-बारा मिनिटांवर. सकाळी साडेसहाला बाजार उघडायचा असतो, भाजीच्या गाड्या उतरत असतात, त्यामुळे पदपथापेक्षा रस्त्याची कडच मोकळी मिळते. आठनंतर हे उलटं होतं.

मासुंद्याची एक फेरी रमतगमत पंधरा मिनिटांची. संध्याकाळी इथे पाणीपुरी, फुगे, बोटिंग आणि अख्खं ठाणे असतं. चालायचं असेल तर सकाळच. पाण्यात मधोमध महादेवाचं छोटं देऊळ, काठावर कौपिनेश्वर, दुसरीकडे पोर्तुगीज काळापासून असलेलं सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आणि १९७८ साली सुरू झालेलं गडकरी रंगायतन. एका फेरीत शिलाहारांपासून नाटकाच्या तिसऱ्या घंटेपर्यंतचं ठाणे डोळ्यांखालून जातं. उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी इथेच होती, श्रीस्थानक या नावाने. राजधानीला पाणी लागतं आणि डोंगर-खाडीच्या मधल्या या पट्ट्यात पावसाचं पाणी अडवायला तळ्यांइतकं सोपं काही नव्हतं. तळ्यांचं शहर ही ओळख त्या गरजेतून आली आहे, शोभेतून नाही. आज शोभाच उरली आहे, हा भाग वेगळा.

पाण्याकडे मात्र जरा थांबून बघा. सकाळी सातच्या आत गेलात तर काही दिवशी मासे पृष्ठभागाला तोंड लावून आ-वासताना दिसतात. पाहणाऱ्याला वाटतं खाऊ मागतायत, आणि पिशवीतून पाव बाहेर येतो. मासे श्वासासाठी वर आलेले असतात. शेवाळं दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्री तोच ओढून घेतं. त्यामुळे तळ्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो पहाटे, उजाडायच्या सुमाराला. पाव, निर्माल्य, पिठाचे गोळे तळाशी जाऊन कुजतात आणि कुजताना उरलासुरला प्राणवायू खातात. वर त्याच खतावर शेवाळं आणखी माजतं. उन्हाळ्यात एखाद्या सकाळी तळ्यात मेलेल्या माशांचा खच दिसतो, त्याच्या मागे बहुतेक वेळा हीच साखळी असते. कारंजी लावतात ती यासाठी. पाणी हवेत उडालं की प्राणवायू घेऊन खाली पडतं, आणि म्हणून कारंजी रात्री चालवण्यात जास्त अर्थ आहे. रोज फेऱ्या मारणाऱ्या एका आजोबांनी काकांच्या हातातला पाव बघून नुसती मान हलवली आणि निर्माल्य कलशाकडे बोट दाखवलं. पाव शेवटी काकांनीच खाल्ला.

कौपिनेश्वराचं देऊळ सकाळी शांत मिळतं. आजच्या देवळाची उभारणी पेशवाईतली, १७६० च्या सुमाराची, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांच्या काळातली. आतलं शिवलिंग थोरलं आहे, पहिल्यांदा बघणारा दारातच थबकतो. ते तळ्यातल्या गाळातून वर आलं, अशी गोष्ट ठाण्यात सांगतात. चपला ठेवायला जागा आहे, पण पिशवी हातात असेल तर आळीपाळीने आत जाणं बरं. सोमवार आणि श्रावण टाळा. महाशिवरात्रीला रांग बाजारापर्यंत येते आणि पाडव्याला इथून शोभायात्रा निघते, त्या दिवशी चालण्याचा विचारही नको.

एकादशी असल्याने मिसळ बाद झाली. साबुदाणा खिचडी आणि काकडीची कोशिंबीर यावर भागलं. ज्यांना उपास नाही त्यांनी बटाटेवडा घ्यावा, तलावपाळीच्या परिसरात तो वाईट मिळणं कठीण.

तिथून ठाणे मध्यवर्ती कारागृहापर्यंत सपाट रस्ता, पंधरा-वीस मिनिटांचा. हा मूळचा किल्ला. पोर्तुगिजांनी १७३० च्या सुमाराला बांधायला घेतला आणि पुरा व्हायच्या आतच १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतलं. १७७४ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे याच किल्ल्यातून १८१६ मध्ये निसटले, आणि नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाच्या प्रकरणात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी दिलं. नाशिकच्या माणसांबरोबर इथे उभं राहिलं की ही नावं सांगावी लागत नाहीत. काकांनी टोपी काढली.

आत जाता येत नाही, तुरुंग चालू आहे. भिंतीचे, बुरुजांचे, दरवाज्याचे फोटो काढू नका. पहारेकरी हटकतात आणि त्यांचं बरोबर आहे. जवळच जेल तलाव आहे. त्याची फेरी चुकली तरी फार बिघडत नाही.

साडेनऊला परत. दुपारी कुठेही जायचं नाही, हा नियम चारही दिवस पाळला.

दुसरा दिवस, द्वादशी: उपवन, येऊरचा चढ आणि मिसळ

उपवन स्टेशनपासून चालण्याच्या अंतरावर नाही. पश्चिमेहून टीएमटीची, म्हणजे महापालिकेची, बस मिळते, पण सकाळी सहाच्या सुमाराला रिक्षाच सोयीची. गाडी आणणाऱ्यांनी साडेसहाच्या आत पोचावं. त्यानंतर फेरीवर माणसं मावतात, गाड्या मावत नाहीत.

मासुंदा शहराच्या पोटात आहे, उपवन डोंगराच्या पायाशी. मागे येऊरची रांग, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. त्यामुळे इथला सूर्य शहराच्या बाजूने उगवतो आणि पहिलं ऊन थेट डोंगरावर पडतं, तळं अजून सावलीत असतं. फोटो काढायचा तर पूर्वेला पाठ करून, साडेसात ते आठच्या दरम्यान. पाण्याच्या कडेला ढोकरी मान आखडून बसलेली सापडते, पाणकावळा पंख पसरून वाळत असतो, आणि एखादा खंड्या तारेवरून सुळकन खाली येतो. फेरी सपाट आहे, बसायला कट्टे आणि घाटाच्या पायऱ्या आहेत. पायऱ्यांची खालची, पाण्याला लागलेली पायरी शेवाळलेली असते, तिथे पाय ठेवू नका.

तळ्याच्या दोन फेऱ्या झाल्यावर ज्यांचे गुडघे ठीक आहेत त्यांनी येऊरच्या रस्त्याला लागावं. डांबरी रस्ता आहे, वळणावळणाचा, चढ सलग पण बेताचा. सुरुवातीलाच वनखात्याचा नाका लागतो. गावापर्यंत जाऊन यायला आरामात दोन तास. मावशींनी नाक्यापुढची दोन वळणं केली आणि तिथेच दगडावर बसून राहिल्या. खरं तर तेवढंच पुरतं, कारण माघातलं जंगल रस्त्यावरूनच दिसतं. पानगळ चालू असते, साग उघडा पडलेला असतो आणि काटेसावर पान नसलेल्या फांद्यांवर लालभडक फुलं घेऊन उभी असते. एकेका फुलावर साळुंक्या, पोपट, कोतवाल यांची भांडणं. पावसाळ्यात हिरवं बघायला गर्दी होते, पण पक्षी बघायचे तर पानं झडलेलं हेच जंगल बरं, लपायला जागा नसते.

दोन गोष्टी गांभीर्याने घ्या. इथे बिबटे आहेत, पाट्या शोभेच्या नाहीत. पूर्ण उजाडल्याशिवाय आणि एकट्याने चढू नका, मुलांना मागे रेंगाळू देऊ नका, संध्याकाळी ऊन उतरायच्या आत खाली या. आणि माकडांसमोर पिशवी उघडू नका. केळं दिसलं की पिशवी त्यांची.

नाक्याच्या अलीकडे पाड्यावरची एक बाई टोपलीत बोरं, आवळे आणि वालाच्या शेंगा घेऊन बसली होती. बोरं छोटी, रानातली, आंबट. "पिकली नायत अजून, चिंचेबरोबर खा," असं तिनेच सांगितलं आणि वर चिंचेची दोन बुटुकं फुकट टाकली. घासाघीस करू नये. वारली पाड्यांवरच्या या टोपल्या सकाळी थोडा वेळच असतात, नऊपर्यंत बहुतेक उठलेल्या असतात.

उपास काल संपला होता, तेव्हा परतताना मामलेदार मिसळ. स्टेशनजवळ, मामलेदार कचेरीला लागून; नाव तिथूनच आलं. तिखटाची पातळी विचारतात. "मीडियम" ही पुण्या-नाशिकच्या माणसाला पुरेशी झणझणीत पडते, "तिखट" सांगण्याआधी शेजारच्याच्या ताटातला रंग बघून घ्या. तर्री वेगळी मागता येते, ताक सोबत घ्याच. मावशींचा निकाल: नाशिकची मिसळ मटकीची, ही रश्श्याची. काकांनी निकाल दिला नाही, दुसरी प्लेट मागवली.

संध्याकाळी पाचला पाचपाखाडीत कचराळी तलाव, महापालिका मुख्यालयासमोर. नावावर जाऊ नका, शहरातल्या चालणाऱ्यांचं हे आवडतं तळं आहे. फेरी छोटी, सहा-सात मिनिटांची, झाडांच्या सावलीतली, गुडघ्यांना सोपी. मोजून चालणाऱ्यांना बरं पडतं: पाच फेऱ्या म्हणजे अर्धा तास. मासुंद्यावर एक फेरी अर्धवट सोडली की रस्ता ओलांडून परत यावं लागतं, इथे तसं नाही. ज्येष्ठांना एकच तळं दाखवायचं असेल तर मी हेच सांगेन.

तिसरा दिवस, त्रयोदशी: नेरुळ आणि सीवूड्स, पाणी अडवणारी तळी

नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्सहार्बरच्या लोकल गाड्या ठाण्याला ९ आणि १० क्रमांकाच्या फलाटांवरून सुटतात, म्हणजे पूर्वेच्या बाजूने. पश्चिमेहून येणाऱ्यांनी पुलावर दहा मिनिटं जास्तीची धरावीत. पनवेल गाडी थेट सीवूड्स-दारावेला उतरवते. वाशी गाडीत बसलात तर बदलावी लागेल. सकाळी सहाच्या गाडीत खिडकी मिळते.

पहिला थांबा ज्वेल ऑफ नवी मुंबई. नेरुळचं हे मोठं तळं, भोवती चालण्याचा रुंद मार्ग, सकाळी तिथे धावणारे, योग करणारे, लहान मुलांना सायकल शिकवणारे सगळे असतात. रोज इथे येणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल कोण जाणे, पण हे तळं बागेसाठी खणलेलं नाही. हा सिडकोचा धारण तलाव आहे, आणि तो कसा चालतो हे समजलं की नवी मुंबई कशी उभी राहिली तेही समजतं.

सिडकोची स्थापना १९७० ची. शहर वसवलं ते मोठ्या प्रमाणावर खाजण, मिठागरं आणि भातशेतीच्या सखल जमिनीवर. यातला बराच भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली. आता समजा जुलैत मुसळधार पाऊस आणि नेमकी तेव्हाच भरती. नाल्याचं पाणी खाडीत जाऊच शकत नाही. उलट खाडीच नाल्यातून शहरात शिरेल. यावर हॉलंडमधल्यासारखी तोड काढली. खाडीच्या बाजूला बांध, बांधात झडपेची दारं, आणि बांधाच्या अलीकडे मोठाली तळी. झडप फक्त बाहेरच्या बाजूला उघडते. भरती आली की खाडीचं पाणी तिला दाबून बंद करतं, त्या सहा तासांत डोंगरावरून आणि रस्त्यांवरून आलेला पाऊस तळ्यात साठतो. ओहोटी लागली, बाहेरची पातळी खाली गेली की आतल्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप उघडते आणि तळं रिकामं होतं. पंप नाही, माणूस नाही, वीज नाही.

बिघडतं कुठे? तीन जागी. झडपेत ओंडका किंवा प्लॅस्टिक अडकलं की ती नीट मिटत नाही आणि भरतीला पाणी आत येतं. नाल्यांतून येणारा गाळ तळाशी बसत जातो आणि तळ्याची साठवण कमी होते. आणि गाळावर खारं पाणी पोचलं की खारफुटी उगवते. एकदा खारफुटी आली की तिला हात लावता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने राज्यभर तिला संरक्षण आहे, भोवतीच्या ५० मीटरसकट. त्यामुळे गाळ काढणं हे नुसतं पोकलेनचं काम राहत नाही, परवानगीचं काम होतं. पूर अडवायला तळं रिकामं हवं, पक्ष्यांना आणि खारफुटीला ते ओलं हवं. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि फेरी मारताना दोन्ही दिसतात.

साडेआठला रिक्षाने डीपीएस तलाव, दिल्ली पब्लिक स्कूलशेजारचा. पाम बीच मार्ग पायी ओलांडायचं धाडस नको. गाड्या थांबत नाहीत, सिग्नलवरूनच जा. इथे तयार केलेला चालमार्ग थोडाच, बाकी कच्ची कड. चपला नकोत, बूट हवेत. दुर्बीण ८ × ४२ ची पुरते. कपडे मातकट, आवाज हळू, आणि काठाशी जायचं तर एका जागी बसून राहायचं.

पोचलो तेव्हा तळ्यात शे-दीडशे रोहित होते. मावशी म्हणाल्या, एवढेच? शेजारी तिपाई लावून बसलेल्या एका मुलीने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "काकू, अर्धा तास बसा." भरती पावणेदहाची होती. नऊच्या सुमाराला खाडीच्या बाजूने पहिला थवा आला, मग दुसरा, मग मोजणं सोडून दिलं. उडताना मान आणि पाय दोन्ही सरळ ताणलेले, पंखांची खालची बाजू काळी आणि लाल. बसलेला रोहित फिकट वाटतो, उडतानाच त्याला अग्निपंख का म्हणतात ते कळतं.

त्यांचं येणं भरतीला बांधलेलं आहे, कारण जेवण चिखलात आहे. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, तिथे ते चोच उलटी धरून गाळत फिरतात. भरतीला चिखल बुडाला की पाय टेकायला जागा उरत नाही, मग ते किनाऱ्यालगतच्या उथळ तळ्यांकडे सरकतात. पाणी उतरलं की परत खाडीत. म्हणून उधाणाच्या आसपासचे दिवस हवेत. भांगाच्या भरतीला पाणी इतकं चढतच नाही, चिखलाचे पट्टे उघडे राहतात आणि पक्ष्यांना खाडी सोडायचं कारण नसतं. सप्तमी-अष्टमीला येऊन "काहीच नव्हतं" म्हणत परतणाऱ्यांची अडचण बहुतेक हीच असते.

दोन जाती एकत्र दिसतात. मोठा रोहित उंच, पांढुरका, चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं. छोटा रोहित बुटका, जास्त गुलाबी, चोच जवळजवळ सगळी गडद. गुलाबी रंग खाण्यातून येतो, शेवाळं आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांतून. करडी, मळकट दिसतात ती आजारी नव्हेत, लहान पिल्लं आहेत.

या तळ्याचं सगळं गणित खाडीचं पाणी आत येण्यावर आहे. पाण्याची वाट बुजली की तळं साचतं, वर शेवाळाची साय धरते किंवा ते आटतं. २०२४ मध्ये ते आटलं, रोहित मेले, तेव्हा हा विषय राज्यभर गाजला. २०२५ मध्ये त्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा द्यायला मंजुरी मिळाली. जाण्याआधी ओळखीच्या पक्षीमित्राला "पाणी आहे का" एवढं विचारून घ्यावं. तिथी जमली आणि पाणी नसलं तर खेप वाया.

ड्रोन उडवू नका, दगड भिरकावू नका. थवा उडताना छान दिसतो म्हणून टाळ्या वाजवणारे एक गृहस्थ होते. तिपाईवाल्या मुलीने त्यांना जे सुनावलं ते इथे लिहिण्याजोगं नाही, पण योग्य होतं.

चौथा दिवस, चतुर्दशी: ऐरोली, खारफुटी आणि बोट

ऐरोली स्टेशन ठाण्याहून दुसरं. मध्ये आता दिघा गाव झालं आहे. स्टेशनपासून किनारी व सागरी जैवविविधता केंद्रापर्यंत रिक्षा. बोटीचं आरक्षण आधी करा. वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात आणि हंगामात सुटीचे दिवस आधीच भरतात. हंगाम साधारण डिसेंबर ते मे. केंद्राचा साप्ताहिक सुटीचा वारही आरक्षण करतानाच बघून घ्या.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, सुमारे १७ चौरस किलोमीटरचं, आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. बोट या अभयारण्यात जाते, फेरी तासाभराची. भरती साडेदहाची होती आणि आमची बोट नऊची, हे मुद्दाम. ऐन भरतीला चिखल पूर्ण बुडतो आणि पक्षी कालच्यासारखे तळ्यांवर गेलेले असतात. ऐन ओहोटीला बोटच निघत नाही, तळ टेकतो. मधला तास-दीड तास पकडायचा: बोटीपुरतं पाणी, पक्ष्यांपुरता चिखल.

बोटीच्या आधी लाकडी मार्गावरून खारफुटीत फिरून घ्या, वीस मिनिटं पुरतात. तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली असतात, कारण त्या चिखलात हवाच नाही. झाड श्वास वरून घेतं. पाण्याचा शिंतोडा न उडवता चिखलावर उड्या मारणारा मासा म्हणजे निवटी. एकच नांगी मोठी असलेले छोटे खेकडे ती नांगी हलवत असतात, ते नर. वास येतो, तो सगळाच गटाराचा नव्हे. हवा नसलेल्या चिखलातून गंधकाचा वायू निघतो, सडक्या अंड्यासारखा. पाणी चढलं की वास बसतो.

बोटवाले जवळच्या गावातले. मावशी कडेला बसायला निघाल्या तर नावाडी म्हणाला, "मावशे, मधी बस गो, काठाव नको." मावशींना हे एकेरी आधी खटकलं, मग आवडलं. आगरी बोलीत मोठ्या माणसालाही असंच हाकारतात, त्यात कमीपणा नाही. त्याने इंजिन पक्ष्यांपासून बरंच अलीकडे बंद केलं आणि बोट वाहत्या भरतीवर सोडून दिली. आवाज नसल्याने थवा उठला नाही. घाईच्या बोटीत हेच बिघडतं: इंजिन चालू ठेवून जवळ जायचं, पक्षी उडतात, आणि सगळ्यांकडे पाठमोरे फोटो उरतात.

ऊन पाण्यावरून उलटं येतं, त्यामुळे टोपीची कड पुरत नाही, गॉगल लागतो. लाइफ जॅकेट घट्ट बांधा. पाणी सोबत, पण थोडंच. तासभर उतरायची सोय नाही. परतताना जेट्टीचा उतार ओला असतो, ज्येष्ठांना दोन्ही बाजूंनी हात द्या.

जेवायला दिवागावच्या बाजूला एका घरगुती खानावळीत. तांदळाची भाकरी, सुकट, आणि काकांनी नाशिकहून निघतानाच ठरवलेली चिंबोरी, म्हणजे खेकडा. खानावळवाल्या ताईंनी ती द्यायला चक्क नकार दिला. पुनवेच्या तोंडावर चिंबोरी पोकळ असते, आवसेच्या आसपास भरलेली, असं कोळी-आगरी घरांत पक्कं मानतात. "पैशे घेन, पन खाल काय? कवटी?" त्यांनी कोलंबीचं कालवण वाढलं, आणि त्यावर कुणाची तक्रार नव्हती.

म्हणजे रोहितही हवेत आणि चिंबोरीही, तर वद्य त्रयोदशी-चतुर्दशी धरा. भरतीची वेळ तीच, उधाणही तेवढंच, आणि अमावास्या तोंडावर. फक्त माघातली वद्य चतुर्दशी म्हणजे महाशिवरात्र, त्या दिवशी कौपिनेश्वराकडे फिरकू नका आणि घरात उपास असेल तर खानावळ विसरा. फाल्गुनातली वद्य त्रयोदशी जास्त सोयीची. तेव्हा ऊन वाढलेलं असतं, तर सगळं अर्धा तास लवकर सुरू करा.